हलत राहा, अप्पा बघतायत

थांबा, हातातलं काम जरा बाजूला ठेवा. मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर उद्या मी मारतहळ्ळीला माझ्या खोलीवर परत जाईन, लॅपटॉप उघडेन आणि ह्यातलं निम्मं डोक्यातून उडून जाईल. बेंगळूरूच्या बनशंकरीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर बसलेय, संध्याकाळचे साडेपाच झालेत, दोन्ही अंगठ्यांनी फोनवर टाइप करतेय, केस तोंडात जातायत, आणि वारा सुटलाय. वारा म्हणजे तो वारा! आषाढाचा! खालच्या खोलीचं दार दोनदा आपटलं, आई दोनदा ओरडली, "अगं त्या दाराला वीट लाव गं कोणीतरी!" आणि समोरच्या नारळाच्या झावळ्यांनी एकदम सगळ्यांनी मिळून मान फिरवली. झालं. मी परत सतरा वर्षांची झाले.

बाहेरच्यांना हे कळतच नाही. पुण्याहून माझी मावसबहीण संक्रांतीला आली की पहिल्यांदा गच्चीवर पळते, आकाशाकडे बघते आणि तोंड पाडून विचारते, "रेवा, तुमच्याकडे पतंगच नाहीत?" अगं, बेंगळूरूत जानेवारीत कसले पतंग? आमच्याकडे पतंग आषाढात. जून संपत आला की पश्चिमेकडून असा वारा येतो की वाळत घातलेला टॉवेल दोन घरं सोडून सापडतो. पाऊस असतो, पण तो स्वल्प. येतो, चार थेंब टाकतो, वारा त्याला हाकलून देतो. ढग धावत असतात. सगळंच धावत असतं. आणि ह्या सगळ्या धावपळीत, गच्चीच्या बरोब्बर मध्यभागी, निळी खुर्ची टाकून, हातात दोऱ्याची चक्री धरून माझे अप्पा.

अप्पा एका सरकारी कारखान्यात डिझाइन विभागात होते. त्यांचा पतंग म्हणजे पतंग नव्हता, ड्रॉइंग होतं. बांबूची कामटी तासायची, बोटावर आडवी तोलायची, एका बाजूला केसभर कलली तरी परत तासायची. मैद्याची खळ आई करून द्यायची आणि दर वर्षी म्हणायची, "एवढ्यात दोन पोळ्या झाल्या असत्या." पतंगाला शेपूट लावायचं, त्याला इथे बालंगोची म्हणतात, ती आईच्या जुन्या साडीच्या काठाची. आणि शेजारच्या गच्चीवर नागराज अंकल. त्यांचा दोरा, आमचा दोरा, दोन्ही साधे सुती, काच-बिच काही नाही, नुसतं घासून काटायचं. अंकल कठड्याला रेलून ओरडायचे, "एनु सार, इंजिनियर पतंग मेले बरल्वा?" म्हणजे काय साहेब, इंजिनियरचा पतंग वर यायचा नाही का? आणि अप्पा इकडून मराठीत, "आधी तुझा सांभाळ रे!" दोघांनाही एकमेकांची भाषा अर्धी-अर्धी कळायची. शिव्या मात्र पूर्ण.

आता ते वर्ष.

मी दुसऱ्या पीयूसीत होते, म्हणजे बारावीत. अप्पांनी ऑफिसात एका ज्युनियरला झापलं. ड्रॉइंगमधली एक रेघ मधेच तुटली होती. ज्युनियर बिचारा हळूच म्हणाला, "सर, लाइन आहे तिथे." अप्पा म्हणाले, कुठे आहे? त्याने बोट ठेवलं. अप्पांना बोटही दिसलं नाही. घरी येऊन त्यांनी आम्हाला काहीच सांगितलं नाही. जेवताना फक्त एकदा आईकडे बघून म्हणाले, "तुझ्या नाकाच्या जागी काहीतरी राखाडी आहे." आईने नाक पुसलं.

दोन-तीन तपासण्या झाल्या. मग डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या आत मागे जो पडदा असतो, रेटिना, त्याच्या मधला भाग खराब होतोय. दोन्ही डोळ्यांत. उपचारांनी आहे ते टिकवता येईल, पण गेलंय ते परत येणार नाही. आणि मधला भाग म्हणजे कोणता? तर आपण ज्याच्याकडे बघतो ना, नेमकं तेच. वाचायला तोच लागतो. सुईत दोरा ओवायला तोच. माणसाचा चेहरा बघायला तोच. कडेचं सगळं जागेवर राहतं, अप्पा भिंतीला धडकत नव्हते, जिने उतरत होते, पण जिथे बघावं तिथे भोक. कपाट बघितलं की कपाट गायब, बाजूची खुर्ची आहे. खुर्ची बघितली की खुर्ची गायब, कपाट परत आलं!

आमचं घर एकदम थिजलं. आईने नियम केला. अप्पांसमोर पळायचं नाही, झपकन वळायचं नाही, त्यांच्यापुढे आलं की दोन पावलांवर थांबायचं, अगदी स्थिर उभं राहायचं, म्हणजे त्यांना शांतपणे, नीट बघता येईल. मला इतकं पटलं होतं ते! धूसर फोटो येऊ नये म्हणून आपण नाही का श्वास धरून उभं राहत? तसं. मी कॉलेजमधून आले की दारात पुतळा. आई स्वयंपाकघरातून आली की पुतळा. माझी मावसबहीण त्या उन्हाळ्यात आली होती, तीही पुतळा. आणि अप्पा आमच्यामध्ये बसून, मान थोडी पुढे काढून, म्हणायचे, "कोण आहे?"

नागराज अंकलांचं तर वाईटच झालं. कोपऱ्यावरच्या बेकरीत अप्पा बन घ्यायला गेले होते, अंकल समोर आले, थांबले आणि हसले. नुसतेच हसले, त्यांची पद्धतच तशी, बेकरीत काय ओरडायचं म्हणून. अप्पा त्यांच्या खांद्याजवळून निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग अंकलांनी शेजारच्या गच्चीवर येणं सोडलं. त्यांच्या बायकोने आईला भाजीवाल्याकडे विचारलं, "आमचं काही चुकलं का? बेकरीत हे हसले तरी सार ओळख देत नाहीत." आईने खरं सांगायचं होतं ना! पण अप्पांनी बजावलं होतं, कोणाला सांगायचं नाही. मग आई म्हणाली, "कामाचं टेन्शन आहे हो." त्या घरात एक खोटं आणि ह्या घरात सगळे पुतळे.

आणि एक दिवस मी दाराआडून ऐकलं. ऐकायचं नव्हतं, मी चार्जर शोधत होते. अप्पा आईला म्हणत होते, "रेवा ऑगस्टमध्ये जाणार. ॲडमिशन मिळेल तिला मंगळूरकडे, मार्क चांगले आहेत. मी बस स्टँडवर येणार नाही पण. तू जा." आई म्हणाली, "असं काय करता? एकुलती एक पोर." अप्पा म्हणाले, "खिडकीत चाळीस डोकी असतात. मी हात कोणाला करू? तिचा चेहरा मी शेवटचा कधी नीट पाहिला ते मला आठवत नाहीये. आठवायला पाहिजे होतं. मी लक्षच नाही दिलं."

मी चार्जर न घेताच परत गेले.

त्यानंतर मी काय केलं असेल? मी त्यांच्यासमोर आणखी स्थिर उभी राहायला लागले! एक फुटावर. श्वास धरून. चेहऱ्यावर ट्यूबलाइट पडेल अशी. दिसू दे, एकदा तरी दिसू दे. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर यायचे, तिथे थांबायचे, आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघताना मला कळायचं की मी गेले. मी तिथे उभी असताना, त्यांच्या नजरेखाली, गेले.

मग वारा आला.

जूनचा शेवट. मी अप्पांना जवळजवळ ओढत गच्चीवर आणलं होतं, आई मागून "कठड्याजवळ नको, कठड्याजवळ नको" करत. निळी खुर्ची मध्यभागी ठेवली, तोंड पाण्याच्या टाकीकडे. कारण पतंगांकडे तोंड करून बसायला अप्पा तयार नव्हते. "कशाला उगीच," म्हणाले. म्हणून ते काळ्या टाकीकडे बघत बसले होते आणि मी कठड्यापाशी उभी राहून लांबचे पतंग मोजत होते. गुपचूप. त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्याबद्दल एक अक्षर न बोलता.

आणि टाकीकडे बघत अप्पा म्हणाले, "डावीकडे एक गोता खातोय."

मी वळले. डावीकडे खरंच एक पतंग डोकं खाली करून पडत होता.

"अप्पा! दिसला तुम्हाला?"

त्यांनी मान फिरवून त्याच्याकडे बघितलं. "नाही," म्हणाले. "गेला."

"टाकीकडे बघा! परत टाकीकडे बघा!"

"ओरडू नकोस. हं. आला. आता वर चाललाय. आता..." आणि वारा पडला, पतंग हवेत थबकला, "आता नाहीये."

पतंग तिथेच होता. नुसता थांबला होता. मग वाऱ्याचा झोत आला, पतंगाने शेपटी झटकली आणि अप्पा खुर्चीतून अर्धे उठले, "आला!"

माझ्या अंगावर आत्ता टाइप करतानाही काटा आलाय. हलला की आहे, थांबला की नाही. हलला की आहे! मी काही विचार न करता त्यांच्या उजव्या बाजूला गेले, चार हातांवर, दोन्ही हात पसरले आणि पवनचक्कीसारखे फिरवायला लागले. अप्पा टाकीकडेच बघत होते. त्यांचा चेहरा बदलला. "रेवे," म्हणाले, "तू हात फिरवतेयस." मी थांबले. "थांबलीस." मी एक पाय वर केला, लंगडी घातली. "काय माकडासारख्या उड्या मारतेयस!" शिव्या खाऊन एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

तेवढ्यात आई चहा घेऊन वर आली आणि किंचाळली, "रेवा! हलू नकोस गं त्यांच्यासमोर!"

"आई, हलायचंच! आपण चुकलो! सगळे चुकलो!"

"काय चुकलो?"

"ट्रे ठेव आणि हल!"

आईला काही कळेना. ती ट्रे धरून पुतळा झाली, सवयीने. अप्पा टाकीकडे बघत म्हणाले, "तुझी आई कुठे गेली?" आई रडकुंडीला. "अहो, इथेच आहे मी." "मग हल ना जरा." आईने ट्रे खाली ठेवला, इकडे-तिकडे बघितलं, कोणी बघत नाही ना, आणि दोरीवरची ओली चादर काढून एकदा झटकली. जशी ती रोज झटकते. फाट्कन.

"ही बघ आली," अप्पा म्हणाले. "ह्या बाईला मी तीस लोकांत ओळखेन."

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो तेव्हा मी त्या तपासणी करणाऱ्या अक्काला दारातच गाठलं. माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल, अबोलीचा गजरा, भयंकर हुशार. ती हसली. म्हणाली, "हे आम्ही शिकवणारच होतो, तुम्ही पतंगाकडून आधीच शिकून आलात." आणि मग तिने मला जे सांगितलं ते मी त्या दिवसापासून भेटेल त्याला सांगतेय, ओला-उबरवाल्यांनासुद्धा, तर तुम्ही कसे सुटाल?

आधी एक करून बघा. आत्ता. उजवा हात सरळ पुढे करा, अंगठा वर. नखाकडे बघा. ते नख आहे ना, जवळजवळ तेवढ्याच तुकड्यात आपल्याला खरंखुरं बारीक दिसतं. बाकी सगळं आपल्याला स्पष्ट दिसतंय असं वाटतं, कारण डोळा सारखा भटकत असतो आणि मेंदू ठिगळं जोडत असतो. आता नखावरची नजर हलवू न देता डावा हात लांब कानाच्या बाजूला न्या. किती बोटं आहेत ते सांगता येतंय? नाही ना? आता बोटं हलवा. बघा! दिसली! हात आहे की चमचा आहे कळत नाही, पण काहीतरी हलतंय हे लगेच कळतं!

का, तर पडद्याच्या मध्यभागी एक इवलासा खळगा असतो आणि त्यात रंग ओळखणाऱ्या, बारीक बघणाऱ्या पेशी खच्चून भरलेल्या असतात. प्रत्येकीला मेंदूपर्यंत जवळजवळ स्वतःची वेगळी वायर. कडेला गेलं की पेशी विरळ, अंधुक उजेडात कामाला येणाऱ्या जास्त, आणि खूप जणींत मिळून एक वायर. त्यात डोळ्याचं भिंगही बिचारं समोरून येणारा उजेडच नीट गोळा करतं, तिरका आलेला थोडा फिसकटतो. त्यामुळे कडेचं चित्र ढगळ. पण त्या सामायिक वायरींचा एक फायदा, कुठेही जरा काही बदललं की सगळ्या मिळून बोंब मारतात. मी अक्काला म्हटलं, म्हणजे मधला भाग हा केबिनमध्ये बसलेला मॅनेजर आणि कडेचा भाग म्हणजे अपार्टमेंटचा वॉचमन. वॉचमनला तुमचं नाव माहीत नाही, फ्लॅट नंबर माहीत नाही, पण गेटपाशी मांजर हललं तरी तो उठून बसतो. अक्का म्हणाली, "सरी, बरोबर. तुमच्या अप्पांचा मॅनेजर रजेवर गेलाय. आता वॉचमनशी दोस्ती करा."

आणि सगळ्यात भारी गोष्ट! स्थिर असलेली वस्तू कडेच्या नजरेतून विरून जाते, तुमच्या-माझ्याही. एका ठिपक्याकडे टक लावून बसा, कडेच्या फिकट गोष्टी हळूहळू पुसल्या जातात. डोळ्याला तेच ते बघायचा कंटाळा येतो. म्हणून डोळा स्वतःच बारीक-बारीक थरथरत असतो, आपल्याला न कळता, जग ताजं ठेवायला. म्हणजे बघा, काहीतरी हलावंच लागतं. एकतर जग हलेल, नाहीतर डोळा. सगळंच थांबलं की दिसणं संपलं. आणि आम्ही काय करत होतो? प्रेमाने, काळजीने, श्वास धरून, स्वतःला पुसून टाकत होतो.

अक्काने सावधही केलं हं. ही जादू नाही. कडेची नजर मधल्या नजरेची जागा घेत नाही. पेपर वाचता येणार नाही, गाडी चालवायची नाही, चेहरा चेहऱ्यासारखा दिसणार नाही. अप्पांनी मान हलवली. मी मान हलवली नाही. मला ते शेवटचं ऐकायचंच नव्हतं.

त्यामुळे पुढचे पंधरा दिवस मी घराचा धिंगाणा केला. जेवताना हातवारे. बोलताना डोलायचं. आईला सांगितलं वाढताना चमचा हवेत फिरव, तिने फिरवला, वरण माझ्याच कुर्त्यावर. शेवटी एका दुपारी अप्पा ओरडले, "मी माणसांच्या घरात राहतो की माकडांच्या? गरगरतंय मला! हलायचं तेव्हा हला, बाकी वेळ तोंडाने बोला ना, 'मी रेवा' म्हणून!" हेही कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नाव सांगणं! इतकं सोपं!

मग एका रविवारी अप्पांनी स्वतः कामटी मागितली. डोळ्यांनी तासता येईना, बोटांनी तोलली. खळ आईने केली आणि पोळ्यांबद्दल काही बोलली नाही. कन्नी मी बांधली. गच्चीवर अप्पा टाकीकडे तोंड करून उभे राहिले, पतंग त्यांच्या डाव्या कानाच्या दिशेला, आणि मागून आईने त्यांचा शर्ट मुठीत घट्ट धरलेला. असं ध्यान होतं ते! तिघंही. मी चक्री धरलेली. पतंग वर गेला.

शेजारच्या गच्चीवर आवाज झाला. नागराज अंकल. इतक्या दिवसांनी. त्यांचा हिरवा पतंग वर आला. सरळ आमच्या दोऱ्याकडे. अप्पा म्हणाले, "कोण आहे तो?" मी म्हटलं, "तुम्हीच सांगा." अप्पांनी मान अजून थोडी उजवीकडे फिरवली, म्हणजे पतंगापासून आणखी लांब, आणि दहा सेकंदांनी हसले. "खाली झुकून वर उसळतो. दर वेळी. नागराजच आहे. वीस वर्षं एकच डाव."

दोरे अडकले. अप्पा टाकीकडे बघत ढील देत होते, "दे, दे, दे, रेवे, सोड," आणि मग एकदम घासत खेचलं. हिरवा पतंग सैल झाला आणि डुलत-डुलत मागच्या रस्त्याकडे गेला. आईने शर्ट सोडून टाळ्या वाजवल्या आणि लगेच परत पकडला.

अंकल कठड्याशी आले. सगळं विसरून आपल्या बायकोला हाका मारत होते, "ए, नोड इल्ली! नोडदेने कट माडिद्रु!" बघ इकडे, न बघताच काटला ह्यांनी! आणि मग त्यांनी स्वतःचंच वाक्य ऐकलं. न बघताच. अप्पांची मान, टाकी, पतंग, असं त्यांनी एकदा बघितलं. हळूच म्हणाले, "सार... कण्णु?" डोळे?

अप्पांनी माझ्या हातातली चक्री घेऊन दोरा गुंडाळत हो म्हटलं. "बेकरीत तू हसलास, नंतर कळलं मला घरच्यांकडून. मला दिसलंच नाही रे. पुढच्या वेळी हात हलव."

अंकलांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि गच्चीवरून असे हलवायला लागले, असे हलवायला लागले की खालच्या रस्त्यावर एक रिक्षा थांबली.

ऑगस्ट आला. ॲडमिशन मिळाली. मेजेस्टिकच्या बस स्टँडवरून सकाळी साडेनऊची बस. अप्पा आले. येणार की नाही ते आदल्या दिवसापर्यंत नक्की नव्हतं, पण सकाळी बूट घालून सगळ्यांच्या आधी दारात. मी मात्र सगळी योजना आखून ठेवली होती. लाल ओढणी. भडक, मिरचीसारखी. खिडकीशी सीट, प्लॅटफॉर्मच्या बाजूची. मी आत चढले, बॅग टाकली, खिडकी सरकवली. खाली ही गर्दी. फळवाले, कंडक्टरच्या आरोळ्या, आजूबाजूच्या बसमधून मागे-पुढे होणारी माणसं. सगळंच हलत होतं! ह्याचा मी विचारच केला नव्हता. गच्चीवर एक पतंग आणि मोकळं आकाश, इथे हजार पतंग. प्रत्येक खिडकीतून कोणीतरी हात हलवतंय. वॉचमन बिचारा कोणाकोणाकडे बघणार?

अप्पा आईचा दंड धरून उभे होते आणि बरोब्बर माझ्याकडे बघत होते. म्हणजे मी त्या भोकात. मी ओरडले, इंजिन सुरू झालं, आवाज गेला. मी ओढणी काढली आणि हलवली, शेजारच्या खिडकीतल्या आजींनीही टॉवेल हलवला. अप्पांची नजर तशीच. बस मागे सरकायला लागली.

आणि मग मी ओढणी टाकून दिली आणि दोन्ही हात खिडकीच्या बाहेर काढून पवनचक्की केली. गच्चीवर केली होती तीच. एक हात पुढून, एक मागून, वेडपटासारखी. कंडक्टर ओरडतोय, "कै ओळगे!" हात आत घ्या! आजी घाबरून सरकल्यात.

अप्पांनी मान वळवली. माझ्यापासून लांब. चहाच्या टपरीकडे. पूर्ण पाठमोरे होतील की काय एवढी वळवली, आणि टपरीकडे बघत, हसत, त्यांनी हात वर केला. माझ्याकडे. सरळ माझ्या खिडकीकडे.

मी वळणापर्यंत रडत होते आणि हात फिरवत होते आणि आजी मला संत्रं देत होत्या.

संध्याकाळी पोचल्यावर फोन केला. "अप्पा, लाल ओढणी दिसली ना?" "लाल होती? मला राखाडी फडकी बरीच दिसली." कडेला रंगही नीट कळत नाही, अक्काने सांगितलं होतं, मी विसरले होते. मग मी घाबरत विचारलं, "चेहरा?" अप्पा म्हणाले, "चेहरा नाही गं. तो आता नाही यायचा. पण चेहरे काय, खिडकीत चाळीस होते. हात असे कोण फिरवतं? ती एकच आहे." आणि मग, "मला वाटलं होतं तू जाताना मला दिसणार नाहीस. दिसलीस की!"

त्याला आता सात वर्षं झाली. अप्पांच्या नजरेतलं भोक स्वल्प मोठं झालंय, मग थांबलंय. रिटायर झाले. माझ्याकडे बघायचं असलं की ते टीव्हीकडे बघतात, देव्हाऱ्याकडे बघतात, कधी-कधी चक्क दुसऱ्या माणसाकडे बघतात आणि मला म्हणतात, "बारीक झालीस." माझे ऑफिसचे मित्र पहिल्यांदा घरी आले की गोंधळतात, हे काका आपल्याशी बोलताना भिंतीकडे का बघतायत? मी सांगते, भिंतीकडे बघतायत म्हणजे तुम्ही आवडलात. आज दुपारी मी बसमधून कोपऱ्यावर उतरले तेव्हा गच्चीत निळी खुर्ची होती, अप्पांचं तोंड नारळाकडे, आणि मी अजून चार घरं लांब असताना त्यांनी हात वर केला. मी हाक मारली नव्हती. नुसती चालत होते. माझ्या चालीत असं काय आहे मला माहीत नाही, कारण मी स्वतःला चालताना कधी बघितलेलं नाही.

आत्ताही ते इथेच आहेत, तीन हातांवर, टाकीकडे बघत. शेजारून नागराज अंकलांचा पतंग वर येतोय, खाली झुकून, उसळून. मला वाटलं अप्पांचं सगळं लक्ष तिकडे आहे. तर ते आत्ता, ह्या क्षणी, मान न वळवता म्हणाले, "रेवे, अर्धा तास झाला तुझे अंगठे नाचतायत. कोणाला लिहितेयस एवढं?"

मी म्हटलं, लोकांना.

"मग त्यांचंही काय ते विचार त्यांना," म्हणाले, "चक्री धर आधी, आणि मग विचार."

चक्री मांडीत धरलीय, एका अंगठ्याने लिहितेय, विचारते. तुमच्याकडे आहे का असं कोणी, जे दुसरीकडेच बघत असतं आणि तुम्ही नुसते हललात तरी ओळखतं? कधी झालंय का तुमचं असं, की दिसावं म्हणून तुम्ही अगदी शहाण्यासारखे स्थिर उभे राहिलात, आणि दिसलात मात्र वेड्यासारखे हात फिरवल्यावर?